पोळ्याच्या झडतीस अनावृत पत्र

प्रिय झडती,



तुझ्यावर आता प्रबंध होतात. लोकसाहित्याच्या पुस्तकात ‘विनोदी पद्यप्रकार’ म्हणून तुला दीड पान मिळतं, आणि पोळ्याच्या संध्याकाळी तुझ्या ओळी मोबाईलवरून पुण्या-मुंबईपर्यंत पोचतात. सगळं चांगलंच आहे. पण तुझा अर्थ लावायची एक रीत पडत चालली आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. लोक तुझी ओळ उचलतात आणि ती म्हणणारं तोंड आखरावरच सोडून देतात. मग ती ओळ कुणाला शिवी वाटते, कुणाला सुविचार, कुणाला नुसती टवाळी. तक्रार चारचौघांत करण्यापेक्षा तुझ्याकडेच केलेली बरी. पत्र अनावृत आहे, वाचणारे वाचोत.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. श्रावणातली अमावस्या. रोवणी आटोपलेली असते, बांध्यांत धान हिरवं धरलेलं असतं, चिखलणीनं सोललेल्या बैलांच्या खांद्यांना आदल्या दिवशी हळद-लोणी लागलेलं असतं. दुपार उतरली की गावच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखाली जोड्या ओळीनं उभ्या राहतात. कुणाच्या शिंगांना बेगड, कुणाच्या पाठीवर झूल, कुणाच्या अंगावर नुसते गेरूचे ठिपके. कुणावर सोसायटीचं किती कर्ज आहे हे झुलीवरून कळत नाही, हे पोळ्याचं एक बरं असतं. पूजा व्हायची असते, मानाची जोडी यायची असते, आणि त्या रिकाम्या वेळात गर्दीतला एक जण हात वर करून तुला म्हणतो. चार-सहा ओळी, जुळलेलं यमक, शेवटी महादेवाचा गजर, आणि त्या गजरात सगळं आखर सामील. सरकार, सावकार, सासरा, गटसचिव, मास्तर, धानाचा न मिळालेला भाव, कुणीही सुटत नाही. वऱ्हाडात तू आहेस, नागपूरकडे आहेस, आणि आमच्याकडे तिरोड्यापासून अर्जुनी मोरगावपर्यंतही आहेस.

तुझा कायदा कुठं लिहिलेला नाही, तरी तो सगळ्यांना पाठ असतो. ज्याला चिमटा काढायचा तो समोर हजर असावा. त्याला राग आला तर त्यानं हात उगारायचा नाही, दुसरी झडती म्हणायची. शेवटी देवाचं नाव आल्यामुळे मनात धरून बसायची सोय नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बोलणारा स्वतःही आपली जोडी घेऊन त्याच ओळीत उभा असतो. व्यासपीठ नाही, हार नाही, मानधनाचं पाकीट नाही.

उदाहरणाशिवाय हे बोलणं हवेत जाईल. एखाद्या गावची झडती उचलून इथं छापणं मला पटत नाही, म्हणून एक मीच जुळवली आहे. बेतास बात आहे, सांभाळून घे.

पूल बांधला साहेबांनी, उपकार झाले फार;
आषाढ लागला की नाला पुलावरून जातो पार.
वाळू आपल्याच नाल्याची, ट्रॅक्टर आपल्याच भावाचा;
दोष तेवढा साहेबांचा, असा न्याय गावाचा.

पहिली ओळ एकटी वाचली तर ती आभाराची आहे. फ्लेक्सवर साहेबांच्या फोटोखाली तशीच्या तशी छापता येईल. दुसरी ओळ आली आणि आभाराचा रंग उडाला: पुलावरून माणसानं जायचं ते राहिलं, नालाच जायला लागला. शाळेच्या व्याकरणात याला व्याजस्तुती म्हणतात, स्तुतीच्या आडून निंदा. अलंकार ओळखला की गुण मिळतात. रसग्रहण बहुधा इथंच थांबतं. ‘कवीने प्रशासनातील भ्रष्टाचारावर ताशेरे ओढले आहेत’ असं वाक्य लिहून पोरगं पुढच्या प्रश्नाकडे वळतं. या दोन ओळींवरचं हसू स्वस्त असतं. सगळं गाव एका बाजूला, दोष दुसऱ्या बाजूला, आणि मधे पाणी. साहेब समोर खुर्चीवर असले तरी तेही हसतात; न हसून सांगतात कुणाला?

खरं पाहायचं ते तिसऱ्या ओळीला. ज्याच्या ट्रॅक्टरनं वाळू गेली तो दोन जोड्यांपलीकडे उभा आहे. लोक आधी त्याच्याकडे पाहतात, मग एकदम बैलाच्या शेपटीकडे. हसू येतं, पण उशिरा आणि तुकड्या-तुकड्यानं. आणि ट्रॅक्टरवाला? तो सगळ्यांत मोठ्यानं हसतो. आखरावर मोठ्यानं हसणारा माणूस बहुधा पावती फाडत असतो: ही माझ्यावर नाही, बघा, मी तर हसतोय. माणसाचा स्वभाव कळायला मला कुठल्याही मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा ही पावती जास्त उपयोगी पडली आहे.

चौथ्या ओळीत बोलणाऱ्यानं स्वतःलाही त्या ‘गावा’त घेतलं. आता पुन्हा पहिल्या ओळीवर जा. ‘उपकार झाले फार’ हे खोटं होतं ना? नव्हतं. उपकार खरोखरच झाले होते, फक्त ते नाला ओलांडणाऱ्यांवर झाले नव्हते. वाळूच्या खेपा मोजून घेणाऱ्यांवर झाले होते. खोटी वाटलेली स्तुती भलत्याच जागी खरी निघते. उपरोध म्हणजे बोलण्याच्या उलट अर्थ, अशी व्याख्या आपण मुलांना देतो. ती दुसऱ्या ओळीपुरती पुरते, चौथीनंतर पुरत नाही.

आता हीच चार वाक्यं तोंड बदलून ऐक. ठेकेदारानं म्हटली तर तो गावालाच चोर ठरवून मोकळा होतोय. शहरातून आलेल्या पाहुण्यानं माईकवर म्हटली तर तो खेड्यातल्या माणसांना कमी लेखतोय. ट्रॅक्टरवाल्यानं स्वतः म्हटली तर ती कबुली असेल, नाहीतर निर्लज्जपणा, आणि या दोहोंतलं काय ते ठरवायला त्याचा चेहरा पाहावा लागेल. अक्षरात काना-मात्रेचाही फरक नाही. म्हणून मी म्हणतो, अर्थ विचारण्याआधी तोंड विचारावं.

हा घोळ आजचा नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कवीच्या बाबतीत तो हजार वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आपल्या वाट्याला धानगिरण्या आल्या, नवेगावबांधचा तलाव आला, आणि भवभूती आला. आठव्या शतकातल्या या नाटककारानं आपलं गाव विदर्भातलं पद्मपूर असं सांगितलं आहे, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर असं वा. वि. मिराशींनी मांडलं. सगळ्या पंडितांनी ते मानलेलं नाही. आमगावनं मानलं आहे, आणि माझ्यापुरता तो निकाल लागला. आता गंमत पाहा. ज्या मुलखात गंमत्याशिवाय, म्हणजे सोंगाड्याशिवाय, मंडईची जत्रा पार पडत नाही, त्या मुलखातल्या या कवीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही. संस्कृत नाटककारानं विदूषक गाळावा हे नवलच. करुणरसाचा हा राजा हसत नसे असा समज त्यावरून पसरला.

पण उत्तररामचरिताचा पाचवा अंक काढ. रामाच्या यज्ञाचा घोडा आश्रमाजवळ आला आहे, लवानं तो अडवला आहे, आणि त्याच्यासमोर लक्ष्मणाचा मुलगा चंद्रकेतू उभा आहे. रामाच्या पराक्रमाचा विषय निघतो तेव्हा लव जे बोलतो ते अस्सल तुझ्या कुळातलं आहे. आशय असा, की थोरामोठ्यांच्या वागण्याची चौकशी आपण करू नये. बाईला मारूनही ज्यांची कीर्ती कमी होत नाही ते थोरच. आणि खराशी लढताना तीन पावलं मागे कोण सरलं, वालीला कसं मारलं, हेही लोकांना ठाऊक आहेच. आदराची भाषा, त्यात ताटकेपासून वालीपर्यंतचा सगळा हिशेब. चौकशी करू नये म्हणत म्हणत पोरानं पंचनामा पुरा केला.

अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्रानं ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली आणि हा श्लोक अनौचित्याचं उदाहरण म्हणून दिला. त्याचं म्हणणं, लव हे दुय्यम पात्र. त्याचा आवेश वाढवायला कवीनं आपल्याच हातानं नायकाच्या वीररसाचा नाश केला. हे म्हणणारा क्षेमेंद्र काही रुक्ष शास्त्री नव्हता. ‘नर्ममाला’, ‘देशोपदेश’, ‘कलाविलास’ असे उपहासाचे ग्रंथ त्याच्याच नावावर आहेत, आणि नर्ममालेत त्यानं त्या काळच्या कारकुनांची जी धुलाई केली आहे ती वाचून आजही एखाद्या कचेरीत खुर्च्या सरकतील. इतका तयार माणूस, आणि त्यानंही लवाच्या तोंडची ओळ उचलून भवभूतीच्या पदरात टाकली.

ही ओळ लवाची आहे. आणि लव कोण? ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचाच मुलगा. त्याला ते माहीत नाही, समोरच्या चंद्रकेतूला माहीत नाही, पण नाटक पाहणाऱ्या शेवटच्या माणसाला माहीत आहे. पोराचा टोमणा रामाला लागतो, आणि भवभूतीचा चिमटा पोराला. रामावरचे आरोप खरे की खोटे हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, उलट जास्त टोचतो, कारण आता तो बाहेरच्या कुणी नाही, घरातल्यानं विचारलेला आहे. तेही आपण घरातले आहोत हे न कळता. ज्या नाटकात विदूषक नाही त्यात विदूषकाचं काम कवीनं नायकाच्या मुलाला दिलं, असं मला वाटतं. पंडितांनी रागवावं.

तुझ्यात आणि लवात फरक एवढाच, की त्याला नातं ठाऊक नव्हतं आणि तुझ्या म्हणणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. ट्रॅक्टर भावाचा आहे हे माहीत असूनच तो बोलतो. म्हणून लव तेजस्वी वाटतो आणि तुझा माणूस बिलंदर.

तोंडाचा हा खेळ एकनाथांना फार चांगला कळला होता. भवानीला रोडग्याचा नवस बोलणाऱ्या सुनेचं त्यांचं भारूड आठव. सासरचं एकेक माणूस ती देवीकडून बाजूला करून मागते आणि शेवटी एकटी राहायचं म्हणते. कीर्तनकार समजावतात की सासरचे म्हणजे विकार, आणि एकटं राहणं म्हणजे अद्वैत. ते बरोबर आहे, नाथांना ते अभिप्रेत असणारच. पण पदर तोंडाला लावून हसणाऱ्या बायका अद्वैताला हसत नसतात. त्या सुनेचं बोलणं त्यांना शब्दशः कळलेलं असतं, आणि असं बोलायला आपल्याला देवीचा आडोसा लागतो हेही. पैठणच्या एका संताच्या तोंडून सून बोलते, सुनेच्या तोंडून भक्त बोलतो, आणि ऐकणारी बाई दोघांना ओळखून तिसरंच काहीतरी घेऊन घरी जाते. यातला एकच अर्थ खरा धरून बाकीचे पुसणाऱ्या टीकाकाराशी माझं जमत नाही.

दिवाळीनंतरच्या मंडईत खडीगंमत उभी राहते तेव्हा हेच दिसतं. शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, जिलेबीच्या कढया, आणि मधे डफ-तुणतुणं. तिथं बाईचं सोंग पुरुषच घेतो. साडीतला तो पुरुष नवऱ्यांच्या आळसावर बोलतो तेव्हा समोरचे नवरे हसतात, कारण बोलणारा आपल्यातलाच आहे; बायका हसतात, कारण बोलणं आपलं आहे. तेच एखादी बाई खरोखर उभी राहून बोलली असती तर? सगळे हसले असते असं मला वाटत नाही, आणि आमच्या गंमतीची मर्यादाही तिथंच दिसते. सालेकशाच्या पुढे छत्तीसगड लागलं की नाचा सुरू होतो. त्यातल्या विनोदी प्रसंगालाही गम्मतच म्हणतात, आणि त्यातली परीही पुरुषच. नाचाचे कलावंत हबीब तन्वीरांनी आपल्या नाटकमंडळीत घेतले आणि 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ उभं केलं. खोटं न बोलण्याचं व्रत घेतलेला चोर, आणि त्या व्रतापायीच मरणारा. सत्यवचन राजाच्या तोंडी असतं तर ते कीर्तन झालं असतं.

आता थोडी भांडणं. आमच्या गोंदिया शहरात हिंदी-मराठी दोन्ही कान तयार असल्यानं हास्यकवितेला गर्दी कमी पडत नाही. कुणी हसवत असेल तर मी कपाळाला आठ्या घालणारा नाही. 2023 साली झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा हसवणाऱ्याचा मान झाला याचा मला आनंदच झाला. पण व्यासपीठावरून बायकोच्या जाडीवर कविता म्हणतात आणि तिला व्यंग्य म्हणतात, तेव्हा मी चुळबुळतो. त्यात बोलणाऱ्याचं स्वतःचं काय पणाला लागलं? ज्या बायकोवर बोलायचं ती तिथं नाही, असली तरी तिच्या हाती माईक नाही. तुझा पहिलाच नियम मोडला. तसंच आमच्या बोलीचं. डोळ्याला ‘डोरा’ आणि पाण्याला ‘पानी’ म्हटलं की शहरी सभागृहात हशा पिकतो. ओळ काय म्हणतेय इकडे कुणाचं लक्ष नसतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोककलांचा एवढा अभ्यास मांडून ठेवला, तरी अजून आमचं तोंड हेच पुष्कळांना विनोदाचं सामान वाटतं.

तोंड म्हणजे प्रत्यक्ष समोर उभा माणूसच हवा, असं मात्र मी म्हणत नाही. तसं असतं तर छापील विनोदी कविता कुणी वाचूच नये. छापील कवितेला आपलं तोंड आतच घडवावं लागतं. पाडगावकरांनी ‘उदासबोध’ लिहिला तेव्हा दासबोधाची उपदेशी चाल उसनी घेतली. आवाज समर्थांचा आणि वैताग आजच्या मतदाराचा. दोघांतलं अंतर ज्याला ऐकू आलं त्याला कविता कळली. 1925 सालच्या अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’चं तर याहून अवघड. ज्या कवींची त्यांनी थट्टा केली ते आज फारसे वाचले जात नाहीत, आणि मुळातलं तोंड माहीत नसताना नकलेला हसणं हे उपचारापुरतं होतं.

तुझी अडचण वेगळी आहे. तुझं तोंड आखरावर आहे आणि आखरं रिकामी होत आहेत. बैलजोडी पोसणं परवडत नाही, चिखलणी ट्रॅक्टरनं होते, काही ठिकाणी पोळ्याला ट्रॅक्टरच धुऊन-सजवून आणतात. त्यावर मी नाक मुरडणार नाही. वर्षभर राबतो त्याची पूजा, हा न्याय त्याला लागू होतोच. पण ओळीत उभं राहायला जोडी नसली की माणूस बाजूला मोबाईल धरून उभा राहतो, आणि प्रेक्षकानं म्हटलेली झडती ही झडती राहत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात तुझं पुष्कळ चालतं, तेही खरं. लाकडी नंदी घेऊन पोरं येतात, फेटे बांधून, मिशा काढून, आणि माईकवर झडत्या म्हणतात. त्या बहुतेक मास्तरांनी लिहून दिलेल्या असतात: झाडे लावा, पाणी अडवा, मुलगी शिकवा. वाकडं काही नाही, कुणाला बोचत नाही. तू इतकी सज्जन झालेली मला पाहवत नव्हती. तरी एका गावात तू सापडलीसच. सात-आठ वर्षांच्या एका पोरानं तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावर खड्या आवाजात सुरुवात केली:

खर्रा खाणारा मानूस वाया,
पैसा गेला अन् गेली काया!

गर्दीत हशा उठला. पोराला कळेना काय चुकलं. आपण ओळ विसरलो असं वाटून त्यानं तीच पुन्हा म्हटली, आणखी मोठ्यानं. लोक पोराकडे पाहतच नव्हते. पहिल्या रांगेत त्याचा बाप बसला होता, एक गाल फुगलेला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तोच वाजवत होता. पहिलं बक्षीस पोरालाच मिळालं. ते घ्यायला बाप त्याला घेऊन पुढे आला तेव्हा आयोजकांनी कौतुकानं त्याच्यापुढे माईक धरला, “दोन शब्द बोला जी.” तोंडात खर्रा असल्यानं त्याला बोलता आलं नाही.

तुझा,
आखरावरचा एक ऐकणारा